जुन्या गाडीची ओळखपाटी हरवणे, आणि नवी लावली तरी पुन्हा निघणे : कारणे व उपाय

नागपुरात जुन्या मोटारी जपणाऱ्यांना एक अडचण दर काही वर्षांनी नव्याने भेटते. गाडी रंगकामाहून परत येते, बोनेट उघडले की इंजिनामागची भिंत नव्या रंगाने चकाकत असते, आणि कारखान्याची जी छोटी धातूची पाटी तिथे असायची तिच्या जागी दोन छिद्रे उरलेली असतात; काही वेळा तर लांबी (रंगाआधीची पुट्टी) भरून तीही बुजवलेली असतात. मग कुठून तरी नवी पाटी करून आणली जाते, ती एखादा उन्हाळा काढते आणि पावसाळ्यात एका कोपऱ्याने सुटते. ती टिकलीच तर नोंदणीच्या नूतनीकरणावेळी निरीक्षक विचारतात की ही पाटी कुणी केली आणि हा क्रमांक कुठून घेतला, आणि त्या प्रश्नावर फाइल अडते. माझ्याकडच्या १९६८ सालच्या फियाट ११०० डिलाइटच्या बाबतीत हे तिन्ही प्रकार क्रमाने घडले, त्यामुळे पुढचे लिखाण बरेचसे स्वतःच्या चुकांवर आधारलेले आहे.

पहिली चूक अशी की मी पाटीपासून सुरुवात केली. आधी कळस आणि मग पाया असा तो प्रकार झाला. माझ्या गाडीचे काम बघणारे वयस्कर मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "भाऊ, पाटीचं काय घेऊन बसले, आधी भिंतीवरचा नंबर त पाहा." ते मी ऐकले असते तर जवळजवळ वर्षभराची धावपळ वाचली असती.

त्यांच्या बोलण्याचा अर्थ नीट समजून घेण्यासाठी गाडीवरच्या ओळखीच्या खुणा वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. धातूत ठोकलेला चेसिस क्रमांक ही एक खूण, इंजिनाच्या ओतीव भागावरचा इंजिन क्रमांक ही दुसरी, आणि रिव्हेटने बसवलेली कारखान्याची पाटी ही तिसरी. पुढे-मागे लावलेली नोंदणी क्रमांकाची पाटी हा या सगळ्यांपासून वेगळा विषय आहे. उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवून घेतली म्हणजे ओळखपाटीचा प्रश्न मिटला, असा समज अनेकांचा असतो आणि तो चुकीचा आहे. यांत खरी ओळख आहे ती धातूत ठोकलेल्या क्रमांकाची. रिव्हेटची पाटी ही त्या क्रमांकाची कारखान्याने सोयीसाठी लावलेली नक्कल असते. त्यामुळे पाटी हरवली पण ठोकलेला क्रमांक शाबूत आहे, तर प्रश्न बव्हंशी देखणेपणाचा उरतो. उलट पाटी आहे पण ठोकलेला क्रमांक गेला आहे, तर प्रश्न कायद्याचा होतो. जे गाडीमालक घाबरून येतात ते सहसा पहिल्या स्थितीत असतात, आणि ज्यांनी खरोखर काळजी करायला हवी त्यांना पाटी जागेवर दिसत असल्यामुळे शंकाही आलेली नसते.

क्रमांक कुठे ठोकलेला आहे हे गाडीच्या बांधणीवर अवलंबून असते. आपल्याकडच्या फियाट ११०० आणि त्यातूनच पुढे आलेल्या प्रीमियर पद्मिनीला, तसेच अ‍ॅम्बॅसॅडरला, स्वतंत्र सांगाडा नाही. बॉडी आणि सांगाडा एकच आहे. म्हणून ज्याला आपण सवयीने 'चेसिस नंबर' म्हणतो तो या गाड्यांत बॉडीच्याच पत्र्यावर असतो, आणि फियाटच्या बाबतीत तो बोनेटच्या आत, केबिनच्या पुढच्या भिंतीवर शोधावा. स्टँडर्ड हेराल्ड आणि जीप यांना मात्र खाली वेगळा सांगाडा आहे. युद्धकाळातल्या जिपांमध्ये तर एक मजेदार भेद आहे : विलीज कंपनीने आपला क्रमांक छोट्या पाटीवर घालून ती पाटी डाव्या बाजूच्या पुढच्या सांगाड्याच्या आतल्या अंगाला रिव्हेटने बसवली, तर फोर्डने तशाच जिपेचा क्रमांक थेट सांगाड्याच्या वरच्या अंगावर ठोकला. त्यामुळे विलीजची ती पाटी गेली की नुसती शोभा जात नाही, क्रमांकच जातो. फोक्सवॅगन बीटलचा क्रमांक मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर असतो. तो बोनेटखाली शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

सांगाडा वेगळा नसलेल्या गाड्यांत मोठा धोका डेंटरकडूनच येतो. भिंतीचा पत्रा गंजला असेल तर तो कापून नवा तुकडा जोडणे हे त्याच्या दृष्टीने चोख काम असते, आणि त्या कापलेल्या तुकड्याबरोबर गाडीची ओळख कबाड्याकडे जाते. असे काम काढण्याआधी क्रमांकाच्या भोवतीचा पत्रा खडूने आखून द्यावा, त्याला हात लावायचा नाही असे लेखी सांगावे, आणि तो भागच गंजलेला असेल तर परिवहन कार्यालयाला आधी कळवल्याशिवाय कापू नये.

आता क्रमांक वाचण्याकडे येऊ. पन्नास वर्षांत रंगाचे चार-पाच थर बसलेले असतात आणि त्याखाली आकडे भरून गेलेले असतात. इथे ग्राइंडर, ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश किंवा जाडा पॉलिश पेपर वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्याचे ओरखडे निरीक्षकाला खाडाखोडीसारखे दिसतात आणि दिसणे स्वाभाविकही आहे. पेंट रिमूव्हर लावून थर मऊ करावा, लाकडी काडीने आणि नायलॉनच्या ब्रशने हळूहळू काढावा, थिनरने पुसावे. मग अंधार करून टॉर्चचा प्रकाश अगदी आडवा, पत्र्याला जवळजवळ टेकून टाकावा. समोरून न दिसणारा आकडा असा तिरप्या प्रकाशात उठून दिसतो. शेवटी पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासून ठसा घ्यावा. हाच तो पेन्सिल प्रिंट, जो आरटीओत आणि विमा उतरवतानाही मागितला जातो. एक ठसा पुरत नाही. वेगवेगळ्या दिशांनी घासून तीन-चार घ्यावेत, कारण जुन्या पंचांमध्ये, म्हणजे आकडे ठोकण्याच्या पोलादी ठशांमध्ये, ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत फार होते. प्रत्येक टप्प्यावर शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे पुढे कुणी विचारले तर आपण काय काढले आणि काय काढले नाही हे दाखवता येते.

घासून नाहीसा झालेला क्रमांकही पुष्कळदा परत वाचता येतो. पंच ठोकताना खोलगट भागाखालच्या पोलादाची रचना दाबली जाते आणि वरचा थर गेला तरी तो दाब खाली उरतो. ठरावीक रसायन लावले की दाबलेला भाग आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि आकडा काही क्षण दिसतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा हेच करतात, आणि अशी प्रादेशिक प्रयोगशाळा नागपुरातही आहे. मात्र हे काम पोलिसांमार्फत आणि तज्ज्ञांच्या हातूनच व्हायला हवे. व्हिडिओ बघून स्वतः आम्ल लावणाऱ्याने पुरावा नष्ट केला असाच अर्थ काढला जाईल.

क्रमांक वाचून झाल्यावर तो कागदांशी ताडून पाहावा, आणि माझ्या अनुभवात घोळ सापडतो तो बहुधा इथेच. जुने आरसी बुक हाताने लिहिलेले असते. ती माहिती पुढे संगणकावर चढवताना, ज्याला कार्यालयात बॅकलॉग एंट्री म्हणतात, एखादा आकडा चुकतो आणि मग तीच चूक स्मार्ट कार्डावर छापून येते. माझ्या गाडीच्या भिंतीवर ३ होता, जुन्या बुकातही ३ होता, पण संगणकातल्या नोंदीत ८ झाला होता. मी त्या नोंदीवरून पाटी करून घेतली होती. म्हणजे गाडीवर दोन वेगवेगळे क्रमांक मी स्वतःच्या खर्चाने निर्माण केले होते.

हा विनोदाचा विषय नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ च्या पोटकलम ५ नुसार, गाडीवर कोरलेला चेसिस किंवा इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रातल्या क्रमांकाहून वेगळा आढळला, तर मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन नोंदणी रद्द करता येते. म्हणून विसंगती दिसली की पाटीचे काम थांबवावे आणि नोंद दुरुस्त करून घ्यावी. त्यासाठी मूळ नोंदवहीचा उतारा, म्हणजे आपल्याकडे ज्याला बी एक्स्ट्रॅक्ट म्हणतात तो, जुने आरसी बुक, पेन्सिल प्रिंट, छायाचित्रे आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज करावा आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी. आरसी बुकच हरवले असेल तर आधी पोलिसांत तशी खबर द्यावी आणि नमुना २६ भरून दुय्यम प्रत घ्यावी. अर्ज कुठे करायचा हे क्रमांकाच्या मालिकेवरून ठरवावे. शहर, ग्रामीण आणि पूर्व नागपूर यांच्या अनुक्रमे ३१, ४० आणि ४९ अशा वेगळ्या मालिका आहेत, पण जुन्या तीन अक्षरी मालिकेतल्या गाडीची वही नेमकी कुठे आहे हे खिडकीवर विचारूनच घ्यावे लागते.

नागपूरच्या फार जुन्या गाड्यांबाबत एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यानंतर आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो. त्यामुळे १९५४-५५ सालच्या लँडमास्टरच्या किंवा डुक्कर फियाटच्या बुकावर पहिला शिक्का मध्य प्रदेश शासनाचा असेल तर कागद बनावट आहेत असे समजू नये. उलट असे बुक जपून ठेवावे, कारण पुढच्या प्रत्येक नक्कलेपेक्षा ते मूळ क्रमांकाच्या जवळचे असते.

ज्यांची गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांची झाली आहे, त्यांना जुलै २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नियमांखाली 'व्हीए' अक्षरांच्या मालिकेत नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये असे ते नियम सांगतात. पण तिथे सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मुद्दा एवढाच की तिथली तपासणी पाटीपेक्षा ठोकलेल्या क्रमांकावर आणि मूळ बांधणीवर चालते. पाटी सुंदर आहे म्हणून काही सुकर होत नाही.

आता प्रत्यक्ष पाटी. परदेशातून तयार पाट्या मागवण्याची पद्धत वाढली आहे, आणि त्यातून एक हास्यास्पद प्रकार घडतो : कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बांधलेल्या गाडीवर इटालियन मजकुराची तुरीनची पाटी लागते, आणि उत्तरपाऱ्याच्या अ‍ॅम्बॅसॅडरवर इंग्लंडमधल्या मॉरिसची. गाड्यांचा वंश तोच असला तरी पाटी ती नव्हे. त्याच वर्षाच्या आसपासच्या, रंगकामाला न लागलेल्या दोन-तीन गाड्या शोधून त्यांच्या पाट्यांची सरळ समोरून छायाचित्रे घ्यावीत, अर्थात त्यांच्या मालकांना विचारून. आकार ठरवण्यासाठी आपल्याच गाडीवरच्या छिद्रांमधले अंतर मोजावे. पाटी बरीच वर्षे लागलेली असेल तर तिच्याखाली मूळ रंगाचा चौकोनही उरलेला सापडतो, तो कागदावर उतरवून घ्यावा. इंग्लंडहून पूर्ण बांधून आलेली मॉरिस, ऑस्टिन किंवा एमजी असेल तर गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवर आधारलेले प्रमाणपत्र मिळवता येते. इथे बांधलेल्या गाडीला त्याचा उपयोग होणार नाही.

पाटी कशी घडवायची यावर माझे मत ठाम आहे. इतवारीत भांड्यांवर नाव टाकून देणारे जे विजेचे पेन वापरतात, त्याने लग्नाचा हंडा छान सजतो, ओळखपाटी नव्हे. ती रेघ थरथरती आणि उथळ असते. लेझरने कोरलेली पाटी स्वच्छ दिसते, पण जुन्या पाटीचा पोत तिला येत नाही आणि जाणकाराला फरक लगेच कळतो. जुन्या पाट्यांची अक्षरे बहुधा उठावाची आणि मधली जागा काळी असते, आणि हा पोत रासायनिक कोरणीतून येतो : अक्षरे झाकून उरलेला धातू द्रावणात खाऊ द्यायचा, मग त्या खोलगट भागात काळा रंग भरायचा. पितळेसाठी फेरिक क्लोराइड चालते. अ‍ॅल्युमिनियमवर तेच द्रावण फार जोराने आणि गरम होऊन काम करते, म्हणून ते खूप पातळ करावे लागते. घरी करण्याऐवजी नावाच्या पाट्या आणि यंत्रांच्या डायल बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याला नक्षा देऊन करून घेणे शहाणपणाचे. वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये.

क्रमांकाचा रकाना मात्र कोरणीत रिकामा ठेवायचा. कारखान्यातही पाट्या आधी छापून येत आणि क्रमांक नंतर ठोकला जाई. पोलादी नंबर पंचांचा संच घ्यावा, आकड्याची उंची जुन्या पाटीवरून मोजून त्याच मापाचा, आणि पाटी गाडीवर बसवण्याआधी जाड पोलादी ठोकळ्यावर ठेवून ठोकावे. भिंतीवर लावून ठोकली तर पत्रा आत दबतो. खाली सरळ रेषेसाठी चिकटपट्टी लावावी, रद्दी पत्र्यावर दहा वेळा हात बसवावा. आकडे किंचित वरखाली झाले तर दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये, जुन्या पाट्यांवर ते तसेच असतात. ज्या पाट्यांवर इंजिन क्रमांकाचाही रकाना असतो तिथे, इंजिन बदलून डिझेल बसवलेले असेल आणि मूळ क्रमांक कागदांत सापडत नसेल, तर रकाना कोरा सोडावा. अंदाजाने भरलेला आकडा कोऱ्या जागेपेक्षा कितीतरी वाईट. पाटीच्या मागच्या बाजूला 'प्रतिकृती' आणि बनवल्याचे साल कोरून ठेवावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे, आणि चहाचे पाणी किंवा आम्ल वापरून ती मुद्दाम जुनी दिसेल असे काही करू नये. पुढे गाडी घेणाऱ्याला फसवण्याची सुरुवात तिथून होते.

लावलेली पाटी पुन्हा पुन्हा का निघते, याचे उत्तर बहुतेक वेळा चिकटवण्यात आहे. दुहेरी चिकटपट्टी आणि साधे दोन नळ्यांचे इपॉक्सी हिवाळ्यात पक्के वाटतात. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना वर्धा रोडवरच्या सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या बोनेटखाली किती तापत असेल याचा विचार करावा. साध्या इपॉक्सीची पकड साधारण ६० अंशांच्या पुढे ढिली पडू लागते. पाऊस आला की त्या सुटलेल्या कडेतून पाणी आत जाते आणि मागचा पत्रा गंजून पाटीला ढकलतो. दुसरे कारण धातूंचे : अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीला पोलादी रिव्हेट किंवा साधे स्क्रू मारले की ओलाव्यात दोन धातूंच्या संगतीने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते, छिद्र मोठे होते आणि पाटी खुळखुळू लागते. तिसरे कारण पॉप रिव्हेट. त्याच्या मधल्या पोकळीतून पाणी झिरपते, शिवाय ते जुन्या गाडीवर परके दिसते.

उपाय असा की भिंतीच्या मागून हात पोहोचत असेल तर अ‍ॅल्युमिनियमचे भरीव रिव्हेट वापरावेत. एकाने मागून लोखंडी ठोकळा धरावा, दुसऱ्याने समोरून डोके हलक्या हाताने बसवावे. डॅशबोर्डमागचे सामान काढावे लागते, त्यात अर्धा दिवस जातो, पण ते काम पुन्हा करावे लागत नाही. हात पोहोचत नसेल तर बंद टोकाचे रिव्हेट घ्यावेत. ठोकून बसणारे पिळाचे खिळे ओतीव भागात घट्ट धरतात, पातळ पत्र्यात धरत नाहीत. पाटी बसवण्याआधी छिद्रांच्या कडांना गंजरोधक प्रायमर लावावा, तो पूर्ण वाळू द्यावा, आणि पाटीच्या मागे मेणाचा पातळ थर द्यावा. सर्व्हिसिंगवाले इंजिनावर डिझेलचा फवारा मारतात, त्याने अक्षरांमधला काळा रंग एका वर्षात फिका होतो. त्यांना त्या भिंतीपासून दूर राहायला सांगावे.

उरली ती अवघड स्थिती, जिथे पाटीही नाही आणि ठोकलेला क्रमांकही नाही. इथे स्वतः पंच हातात घेणे हा सरळ गुन्ह्याचा रस्ता आहे, मग बुकातला क्रमांक कितीही खरा असो. क्रमांक अपघातात, गंजात किंवा डेंटरच्या हातून गेला असे लेखी सांगून, पोलिसांकडून गाडी चोरीच्या नोंदीत नसल्याची खात्री करवून, परिवहन कार्यालयाकडे पुन्हा ठोकण्याची परवानगी मागावी. ते काम निरीक्षकाच्या समोर व्हावे आणि त्याची नोंद कागदांवर चढावी. दुसरी जुनी गाडी विकत घेताना हा प्रकार आढळला तर मात्र माझा सल्ला वेगळा आहे : विकणारा कितीही ओळखीचा असला तरी हे सगळे त्याच्या नावावर असतानाच त्याच्याकडून करून घ्यावे, आणि तो तयार नसेल तर गाडी सोडून द्यावी.

माझ्या डिलाइटची नोंद दुरुस्त झाल्यावर ८ ची पाटी मी तोडून टाकली आणि ३ ची लावली. गेल्या वर्षी पुन्हा रंगकाम काढले तेव्हा रिव्हेट मी स्वतः ड्रिलने काढले, पाटी घरी आणली, भिंतीवरच्या क्रमांकाला ग्रीस फासून त्यावर पत्र्याचा तुकडा बांधून दिला, आणि गाडी परत आल्यावर पहिल्यांदा तो तुकडा सोडला. क्रमांक होता तसा होता. पाटी दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनीच बसवून दिली.